दोन टी, एक रेघ

ओ.

भिंगाखाली पहिलंच अक्षर थरथरलेलं दिसलं. सह्या पारखणाऱ्या मर्व्हने ओठ मुडपले. स्वतःची सही माणूस भरकन करतो. दुसऱ्याची जपून काढतो, आणि जपणारा हात कापतो.

"कार्ड खरं आहे, बाई. अठ्ठावन्न सालचंच. सही मात्र..."

"सही मात्र काय?" टेबलापलीकडच्या म्हातारीने पर्स छातीशी धरली.

"शाई अजून कोवळी आहे."

शेजारचा कार्डवाला खिदळला. "मर्व्ह, रविवार आहे! आज तरी एखाद्याला हसत घरी जाऊ दे की रे!"

स्क्रँटनच्या अग्निशामक दलाच्या हॉलमध्ये बेसबॉल खेळाडूंचे फोटो असलेल्या जुन्या कार्डांचा बाजार भरला होता. कोपऱ्यात एक टेबल रिकामं. त्यावर पाटी: 'डावखुरा पिचर ओटो व्हिटेक सह्या देतील.' पाटीवर तिरकी पट्टी: 'प्रकृतीमुळे रद्द.'

टी. टी.

ओटो सहीत आडनाव कधी लिहीत नसे. मर्व्हने 'नकली' लिहायला पेन उचललं, आणि थांबला.

दोन्ही टींवरून एकच आडवी रेघ. उजवीकडे जाड, डावीकडे निमुळती. म्हणजे उजवीकडून ओढलेली, डावखुऱ्याने ओढावी तशी. नकला करणारे झाडून सगळे ती डावीकडून ओढत.

आणि एवढी एकच रेघ कापली नव्हती.

"ही त्याचीच," मर्व्ह म्हणाला. "कधी केली?"

"आज सकाळी. नाश्ता करताना." म्हातारीने पर्स टेबलावर ठेवली. "मी आयरीन, त्याची बायको. मार्चमध्ये अर्धांगाचा झटका आला, डावा हात लुळा पडला. तेव्हापासून त्याच हाताने रोज सही गिरवतोय."

"मग तो कुठाय?"

"बाहेर, गाडीत. मी म्हटलं, छान जमलीय. तर म्हणतो, तू बायको आहेस, तुला माझं काहीही छानच दिसणार. त्या खडूस मर्व्हने ओळखली, तरच आत येतो."

"खडूस म्हणाला?"

"त्याहून वाईट म्हणाला."

ओ.

शेवटचं अक्षर मर्व्हने पाहिलंच नाही. आयरीन दाराकडे निघालीसुद्धा होती. त्याने कोपऱ्यातल्या पाटीवरची पट्टी नखाने सोलून काढली, बाहीने खुर्ची पुसली.

टेबलावर पेन उजव्या बाजूला ठेवलेलं होतं. ते उचलून त्याने डावीकडे ठेवलं.