सावलीची परीक्षा

अणुभट्टीच्या पाण्यात बुडवलेल्या कॅमेऱ्याने इंधनपट्टीवरचा काळा ठिपका पडद्यावर आणला, तेव्हा वैजयंतीने संचालक चौबळांना मुद्दाम पुढची खुर्ची दिली. मागे याच ठिपक्याला तिने गंज म्हटले होते. "अहो बाई, सावलीला काय घाबरता!" असे सर्वांदेखत हिणवून चौबळांनी तिची बदली भांडारात केली होती. आता ती नियामक मंडळाची तपासनीस होती.

"सर, सावली असेल तर दिव्याबरोबर हलेल," असे म्हणत तिने पाण्यातला दिवा सावकाश डावीकडे नेला, मग उजवीकडे. ठिपका जागचा हलला नाही. शास्त्रासाठी एवढे पुरेसे होते, तिच्यासाठी नव्हते. तिने दिवा पुन्हा पुन्हा फिरवला.

"बास करा," चौबळ पुटपुटले. "गंजच आहे."

वैजयंतीने ध्वनिमुद्रणाचा माइक त्यांच्यासमोर सरकवला.

"ऐकू नाही आलं, सर. जरा मोठ्यानं सांगाल?"