हरकती निरंक

"रोप तुमच्याच हातानं लागू दे, साहेब," म्हणत खैरमोडे बाईंनी वडाचं रोप माझ्यापुढे धरलं. खड्डा खणून तयार होता. माझ्या खांद्यावर त्यांनी नुकतीच घातलेली शाल होती.

या शिक्षक कॉलनीचा नकाशा नगरपरिषदेत मीच तपासला होता. मधली खुली जागा मी हिरव्या पेन्सिलीनं रंगवली होती. "तो हिरवा तुकडा बघूनच आम्ही इथं प्लॉट घेतले," बाई सगळ्यांना कौतुकानं सांगत होत्या.

पुढं बिल्डरनं सुधारित नकाशा दिला. त्यात याच तुकड्याचे एकेचाळीस ते चव्वेचाळीस असे चार प्लॉट पाडलेले. रहिवाशांच्या हरकती मागवायच्या, असा नियम. तो मी पाळला म्हणे! कचेरीच्या फलकावर, जुन्या कागदांच्या गर्दीत, एक नोटीस डकवली. महिनाभरात इकडचं कुणी तिकडं फिरकलं नाही. फिरकणार नाहीत, हे मला पक्कं ठाऊक होतं. गेल्याच आठवड्यात 'हरकती: निरंक' असं लिहून मी सही ठोकली. इथं अजून कुणाला पत्ताही नव्हता.

"वडाची मुळं लांब जातात ना," बाई म्हणाल्या, "म्हणून बावीसच्या बावीस घरी जाऊन विचारून आले. कुणाचीच हरकत नाही. तुमची?"

मी रोप खड्ड्यात ठेवून माती लोटली. त्यांनी हातात तांब्या दिला. मान खाली घालून मी प्लॉट क्रमांक बेचाळीसमध्ये पाणी ओतलं.