कडीबाईंचा सत्कार

बायकांच्या खोलीला आतून कडी हवी, एवढ्याच मागणीपायी बाईंनी जन्मभर शिव्या खाल्ल्या. गाव त्यांना कडीबाई म्हणायचं. म्हातारपणी त्याच गावाने त्यांचा सत्कार ठरवला. “शेजारचे सुनेला कोंडून मारतात, तेही भाषणात सांगणार मी,” बाई म्हणाल्या. शेजारचे म्हणजे सत्कारसमितीचे अध्यक्ष. बाईंच्या मुलाला घाम फुटला. “आई, तुला जरा विश्रांती हवी,” म्हणत त्याने सुताराकडून त्यांच्या खोलीला बाहेरून कडी बसवून घेतली. सभेत तो आईच्या धैर्याबद्दल इतकं सुंदर बोलला, की अध्यक्षांनीही डोळे पुसले. भेट म्हणून मिळालेली चांदीची कडी घरी आणून, दार उघडून त्याने आईच्या हातात ठेवली. बाईंनी ती उलटसुलट करून पाहिली. “सुरेख आहे रे. पण कुठल्या बाजूने लावायची, विचारलंस का?” मुलाने बाहेर येऊन कडी लावली. शेजारीही तेव्हाच कडी वाजली.