परमुलखाचं पाणी

म्हातारीने गाठोडं मास्तरांच्या सायकलच्या कॅरिअरला बांधलं, दोरीचे आणखी दोन वेढे दिले आणि हात जोडले. तिच्या मागे गावातली थोडी माणसं उभी होती. कुणी हसत नव्हतं.

“तगोंड होग्री,” म्हातारी म्हणाली. मग रडवेल्या आवाजात, “हिंद नोडब्याड्री.”

यज्ञेश्वर मास्तरांना कानडी ओ की ठो कळत नव्हतं. पण ‘हिंद’ कळलं, आणि छाती फुगली. त्यांच्या डोक्यावर गांधी टोपी होती. याच टोपीपायी गेल्या साली सोलापुरात माणसांनी मार खाल्ला होता, आणि इथे मोगलाईत, निजामाच्या राज्यात, एक अडाणी म्हातारी हिंदचं नाव घेऊन रडत होती! मास्तरांनाही भरून आलं. गाठोडं म्हणजे देशकार्याला दिलेली भेटच, असं त्यांना वाटलं.

सुट्टीत सायकलवरून मोगलाई पालथी घालायची हौस त्यांची. बायको म्हणे, “घरी बसवत नाही, दुसरं काय!” सात वर्षांच्या प्रभाला मात्र बापाचं भारी कौतुक. दोघींना मैंदर्गीला सासुरवाडीत ठेवून ते निघाले, तेव्हा तिने विचारलं होतं, “अण्णा, परमुलखातलं पाणी गोड असतं?”

“आणतो की. तूच पिऊन सांग.”

म्हणून परतीच्या वाटेवरच्या या शेवटच्या गावात त्यांनी विहिरीवर फिरकीच्या झाकणाचा तांब्या भरून घेतला होता. भर सकाळी विहिरीवर एकही बाई नव्हती. घरांची दारं लावलेली, दारांना कडुलिंबाचे डहाळे. शाळेत मास्तर पोरांना पाणी उकळून प्या म्हणून बजावत. पण हे पाणी इतकं नितळ की तळाची पायरी दिसत होती. त्यांनी फिरकी घट्ट पिळली आणि तांब्या हँडलला अडकवला.

ऊन तापलं. घशाला कोरड पडली, तरी मास्तरांनी तांब्याला हात लावला नाही. ते पाणी लेकीचं होतं. मागे गाठोड्यात बांगड्या किणकिणत होत्या. वाटेत एका धनगराने मडक्यातून ताक दिलं. मग त्याची नजर गाठोड्यावर गेली. त्याने मेंढरं घाईघाईने आडरानात घातली आणि मडकं परत घेतलंच नाही. मास्तर म्हणाले, काय दिलदार माणूस!

मैंदर्गीच्या शिवेवरच्या ओढ्याशी सासऱ्यांचे शेजारी गुरुबसप्पा बैल धूत होते. जावई दिसले तसे ते हसले, आणि गाठोडं दिसताच ओरडले.

“मास्तर, तितंच थांबा! कुटनं आनलं ह्ये?”

मास्तरांनी मोठ्या तोऱ्यात सगळं सांगितलं. म्हातारी, टोपी, हिंद.

“हिंद म्हंजे मागं,” गुरुबसप्पा म्हणाले. “मागं बघू नका, म्हनली ती. पटकी पडली की मरीआईला खण-बांगड्या बांधून दुसऱ्याच्या शिवंवर धाडत्यात. गाड्यातनं धाडत्यात. ह्या खेपंला तुमीच गाडा की वो!”

 पटकी म्हणजे कॉलरा, घरंच्या घरं रिकामी. आणि आपण ती लेकीच्या दारात आणली! शिकलेला माणूस, असल्या गोष्टींना एरवी हसणारा; पण आता ते गाठोडं दूर जावं, एवढंच त्यांना कळत होतं.

सायकल बाभळीला टेकवून गुरुबसप्पांनी गाठोडं काठीने उचललं. “म्या वड्यापल्याड टाकून येतो. तुमी गावाकडं तोंड करून हुबं ऱ्हावा. हाळी देईस्तवर मागं बघायचं न्हाय.”

मास्तर गावाकडे तोंड करून उभे राहिले. तेवढ्यात वेशीतून प्रभा धावत आली आणि त्यांच्या पायांना बिलगली.

“अण्णा, आणलं?”

“आणलं की,” ते म्हणाले. ती सायकलकडे पळाली. त्यांनी मान वळवली नाही.

ओढ्यापलीकडे गाठोडं पडल्याचा आवाज आला. मास्तरांनी सुटकेचा निःश्वास सोडला. देवाची कृपा, वेळेवर कळलं.

पाठीमागे फिरकी कुरकुरली. मग घटाघटा पाणी प्याल्याचा आवाज आला.

“अण्णा,” प्रभा म्हणाली, “खरंच की! गोडच आहे.”