हद्दीचा दगड

तिसऱ्यांदा मोजूनही आकडा तोच आला. हद्दीचा दगड नकाशातल्या जागेपासून सात मीटर पलीकडे, शेजारच्या देशात होता.

मोजणीदाराने यंत्राची काच पुसून पुन्हा पाहिलं. मऊ जमिनीत दगड सरकतात, हे तो शिकला होता. पण हा उतार सोडून चढावर सरकला होता.

दगडाच्या सरळ रेषेत सुईणमावशीचं घर होतं. फरशीवरून पिवळा पट्टा गेला होता. दरवर्षी दगड बघूनच तो रंगवला जाई. स्वयंपाकघर शेजारच्या देशात, बाळंतपणाची खोली या देशात. मावशीचा परवानाही इथलाच. खरी रेषा मात्र घराच्या अलीकडे, कुंपणापाशी होती. तसं लिहिलं, की खोली पलीकडे जाणार आणि मावशीचं काम बंद.

“आत ये की, उन्हात करपशील!” मावशीने हाक मारली.

तिचा नवरा, गवंडीकाका, भिंतीला धरून उठला. तेही निम्माच, कमरेत वाकून.

“काका, कंबरदुखी अजून तशीच?”

“तुझ्याच वयाची आहे ती,” मावशी म्हणाली. “तुझ्यासारखीच, कुणाचं ऐकत नाही.”

मोजणीदार हसला. मग खोलीतल्या खाटेकडे बघत राहिला. त्याची आई कळा सोसत पलीकडून चालत आली होती. तिथल्या नोंदवहीत तिच्यासारख्यांच्या मुलांना जागा नव्हती. इथे जन्मेल ते मूल इथलं. “माझी शुद्धच हरपली,” आई अजून सांगायची, “डोळे उघडले तर तू कुशीत आणि हद्दीचा दगड मागे!” शाळा, पदवी, ही नोकरी, सगळं त्या चार पावलांमुळे.

आजवर त्याने एक मिलिमीटरही खोटा लिहिला नव्हता. त्याने वही उघडली, ‘दगड जागेवर आहे’ असं लिहिलं आणि सही ठोकली.

“मावशी, दगड सात मीटर सरकलाय. मी लिहिलं नाही. तुमचे उपकार फिटायचे नाहीत, पण आईला तुम्ही उचलून हद्दीच्या आत आणलंत, त्याची एवढी तरी...”

नवरा-बायकोने एकमेकांकडे पाहिलं.

“उचलून?” काकांचा हात आपसूक कमरेवर गेला. “अरे, तुझी आई या खाटेवरून तसूभर हलेना. मग काय करणार? दगड हलवला.”