कमरेत सैल

शिंप्याच्या बायकोचं पोट हल्ली दोन घास खाल्ले की डब्ब व्हायचं. "अहो, एकदा डॉक्टरांना दाखवू या का?" असं तिने विचारलं, की हा मशीनवरून मान वर न करता म्हणायचा, "अगं, वयाबरोबर अंग सुटतंच. आण तो निळा ड्रेस, कमरेत सैल करून देतो. एवढी गर्दी ओसरली की जाऊ." ड्रेस अंगाला बसला की तीही गप्प बसायची.

गर्दी काही ओसरली नाही. एक दिवस तीच ड्रेस घेऊन दुकानात आली. "कमरेत अजून थोडा सोडा. बाह्या मात्र घट्ट करा, फार ढगळ झाल्यात."

त्याच्या हातातली कात्री थांबली. अंग सुटतं तेव्हा दंड वाळत नाहीत, हे शिंप्याला कुणी सांगायला नको होतं. त्याने तसंच शटर ओढलं.

सोनोग्राफीत अंडाशयावरची मोठी गाठ बघून डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "पोट कधीपासून वाढतंय?" ती आठवत बसली.



शिंप्याने तिच्याकडे पाहिलं. तिच्या निळ्या ड्रेसच्या कमरेवर, त्याने दर वेळी उसवलेल्या शिलायांच्या रेघा एकीशेजारी एक उभ्या होत्या.