ट्रॅव्हिससाठी वीस काडतुसं

तीनदा तोलूनही वेंडेलचं समाधान होईना. पारड्यातली बंदुकीची दारू त्यानं परत डब्यात ओतली, चष्मा पुसला आणि पहिल्यापासून सुरुवात केली.

टेबलावर दारूचा एकच डबा होता. बाकीचे त्यानं कोठारातल्या कपाटात कुलूप लावून ठेवले होते. शेजारी काडतुसं भरण्याचं पुस्तक उघडं होतं. आपल्या जुन्या, लिव्हर ओढून चालवायच्या रायफलीला कुठली दारू किती चालते, हे वेंडेलला पाठ होतं, तरी प्रत्येक वेळी तो आकड्यावर बोट ठेवून बघत होता.

ट्रॅव्हिसचं कार्ड सप्टेंबरात आलं. वेंडेल दर वसंतात पत्र टाकायचा, की नोव्हेंबरात ये, हरणं भरपूर आहेत, खोली रिकामीच आहे. अकरा वर्षांत पहिल्यांदाच उत्तर आलं, तेही दोन ओळींचं. ‘येतो. पण काडतुसं तुम्ही भरा. मी भरणार नाही.’

त्याच्या बायकोनं, मार्लीननं, ते वाचून टेबलावर पालथं घातलं. तो येईल त्या दिवशी आपण लुईस्टाउनला बहिणीकडे असू, एवढंच ती म्हणाली. वेंडेलनं वाद घातला नाही. ट्रॅव्हिसचा विषय या घरात फार तर चार-पाच वेळा निघाला असेल, आणि दर वेळी दोघांपैकी कुणीतरी खोलीतून उठून गेलं होतं.

गावातल्या दुकानाचा मालक नवा होता. वेंडेल बसक्या टोकाच्या गोळ्याच मागतोय म्हटल्यावर त्यानं टोकदार गोळ्यांचं कौतुक सुरू केलं, लांब जातात म्हणाला. वेंडेलनं शांतपणे सांगितलं, की या रायफलीत काडतुसं नळीत एकामागे एक बसतात. एकाचं टोक पुढच्याच्या बुडाला, नेमकं धक्क्यानं पेटणाऱ्या टिकलीला टेकलेलं असतं. टोकदार गोळी तिथं घालून कुणाच्या हातात द्यायची आपली तयारी नाही.

“पोरगा यायचाय वाटतं शिकारीला?” दुकानदारानं विचारलं.

“अकरा वर्षांनी येतोय,” वेंडेल म्हणाला. बाहेर येऊन गाडीत बसला तेव्हा त्याच्या लक्षात आलं, की आपण हसतोय.

ट्रॅव्हिस चौदा वर्षांचा असताना शाळा सुटली की डॅनीबरोबर इथंच यायचा आणि याच टेबलाशी काडतुसं भरायला शिकला. बडबड्या होता. हात भराभर चालायचे आणि तोंडानं सतत काहीतरी गुणगुणायचा. वेंडेल तेव्हा वैतागायचा, गप्प बस म्हणायचा. आता ते गुणगुणणं ऐकायला मिळावं म्हणून तो काहीही द्यायला तयार होता. तरुण माणसाचा वावर संपला, की घर किती लवकर जुनं होतं.

त्यानं तीन प्रकारची काडतुसं भरली. पुस्तकातल्या सगळ्यात कमी मापापासून सुरुवात केली आणि थोडंथोडं वाढवत गेला. मग कुरणाच्या कडेला बसून शंभर यार्डांवर प्रत्येकी पाच झाडली. पहिल्या मापाच्या गोळ्या कागदावर विखुरल्या. तिसऱ्याच्या सगळ्यात जवळ पडल्या, पण लिव्हर जड उघडली आणि टिकल्या चपट्या झालेल्या दिसल्या, म्हणजे दाब जास्त होत होता. माप पुस्तकाच्या हद्दीतलं होतं, तरी वेंडेलनं त्या प्रकाराची उरलेली काडतुसं तिथंच बाजूला काढली, परत सुटी करण्यासाठी. मधलं माप त्याला पटलं. पाचही भोकं तळहाताखाली झाकली जात होती आणि लिव्हर लोण्यासारखी फिरत होती. त्या मापाची त्यानं वीस भरली. दोन दिवस लागले.

शुक्रवारी दुपारी ट्रॅव्हिसची गाडी अंगणात थांबली. इंजिन बंद झालं, पण दार उघडेना. शेवटी वेंडेलच बर्फातून चालत गेला आणि काचेवर बोट वाजवलं. आत दाढी पिकायला लागलेला माणूस बसला होता.

“रस्ता बरा होता?”

“बरा होता.”

“चल मग. उजेड आहे तोवर.”

मार्लीनची बॅग सकाळपासून दाराशी होती. तिची गाडी मात्र अजून अंगणातच होती.

कुरणाच्या कडेला वेंडेलनं आधी स्वतः पाच गोळ्या झाडल्या, ट्रॅव्हिसला मुद्दाम मागं लांब उभं करून. मग रायफल त्याच्या हातात दिली. ट्रॅव्हिसनं एकच काडतूस घेतलं. रायफलीत घालताना ते दोनदा बर्फात पडलं. वेंडेलनं दोन्ही वेळा उचललं, शर्टाला पुसलं आणि परत दिलं. घाई नाही, म्हणाला.

ट्रॅव्हिसनं नेम धरला. मग आवाज झाला आणि डोंगरावरून परत आला. ट्रॅव्हिसनं लिव्हर ओढली, रिकामी पुंगळी उचलली, उलटसुलट करून पाहिली आणि मुठीत घट्ट धरली. त्यानंतर त्यानं आणखी चार झाडल्या.

“चांगली भरलीत,” तो म्हणाला.

“म्हातारपणी दुसरं काम काय असतं?”

ट्रॅव्हिस ओझरतं हसला. परतताना वेंडेलनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्यानं तो झटकला नाही. एवढ्या वर्षांत वेंडेलला याहून जास्त काही नको होतं.

स्वयंपाकघरात रस्सा उकळत होता. टेबलावर तीन ताटल्या होत्या. मार्लीन कोट घालूनच शेगडीपाशी उभी होती. ट्रॅव्हिस दारातच थांबला, टोपी काढून. तिनं त्याला आत बोलावलं नाही, बस म्हटलं नाही. शेगडी बारीक केली आणि त्याच्याकडे वळली.

“तू भरलेलं ते काडतूस फुटलं,” मार्लीन म्हणाली, “तेव्हा तिथं तुझ्याशिवाय कुणी नव्हतं. अकरा वर्षं विचारायचं राहिलंय, ट्रॅव्हिस. माझा डॅनी शेवटी काही बोलला का रे?”